पोराचा खेळ आणि आमचे शनिवार

गेल्या ज्येष्ठात मी माझ्या पोराचा मोबाईल जनावरांच्या पाण्याच्या हौदात फेकला. ही गोष्ट चारचौघांत सांगावी की नको याचा मी पुष्कळ विचार केला. पण पारावर, बाजारात, सोयऱ्याधायऱ्यांत जिथे जावे तिथे एकच रड ऐकू येते. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तसे हल्ली घरोघरी हातात मोबाईल घेऊन मान खाली घातलेले एक पोर आहे. तेव्हा आपली फजिती सांगून कुणाच्या घरातली एखादी रात्र जरा सुखाची जाणार असेल, तर सांगायला हरकत नाही.

आमची जमीन सांगोला तालुक्यात. तीन एकर डाळिंब होते. त्याला तेल्याने धरले. ज्यांनी डाळिंब केले आहे त्यांना तेल्या काय ते सांगायला नको. फळावर तेलकट काळे डाग पडतात, मग फळ तडकते आणि सोन्यासारखा माल उकिरड्यावर जातो. एक बहार गेला, दुसरा गेला. फवारण्यांचा खर्चसुद्धा अंगावर बसला. शेवटी झाडे उपटली, बांधाला ढीग घातला आणि पेटवून दिली. त्या धगीपुढे मी एकटाच उभा होतो. घरी येऊन कुणाशी काही बोललो नाही. बाप्याने रडायचे नसते असे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. शेतीची वीज रात्रीची. पोराला सांगून मी झोपलो, ‘‘बारा वाजता मोटार बंद कर.’’ पोरगा तेव्हा नववी होऊन दहावीत गेलेला. कानाला ते बोंडुक लावून मोबाईलवर खेळत बसला. पहाटे जाग आली तर पाणी चुलतभावाच्या रानात शिरलेले, बांध फुटलेला. मग माझे डोके फिरले. खरे सांगायचे तर राग डाळिंबाचा होता, निघाला पोरावर. मोबाईल हिसकला आणि दिला हौदात भिरकावून.

पोरगा ओरडला नाही, रडला नाही. एवढेच म्हणाला, ‘‘आप्पा, मी एकटा न्हवतो खेळत. आमी चौघं हुतो. मी मधनंच उठलो असतो तर ती तिघं मेली असती.’’

हे ऐकून मला आणखीच संताप आला. कुठली तिघे? कशाने मेली असती? खेळातली बाहुली ती! त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणे टाकले. काही लागले तर, ‘‘आई, आप्पास्नी सांग, वहीला पैसं पायजेत.’’ आणि मीही तसाच, ‘‘त्याला म्हणावं, कपाटावर ठेवल्यात.’’ एका घरात, एका ताटलीतले खाऊन तीन आठवडे असे चालले होते. बायको मधल्या मध्ये टपालाच्या पेटीसारखी झाली.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. आमच्याकडच्या यात्रेत तंबूतला सिनेमा येई. ट्रकमधून मशीन यायचे, कापडाचा तंबू ठोकायचे, आणि आम्ही मातीत फतकल मारून बसायचो. त्या वर्षी ‘पिंजरा’ लागला होता. वैरण आणायला पाठवलेला मी तंबूत जाऊन बसलो. रात्री घरी आलो तेव्हा आमच्या वडिलांनी चाबकाने फोडून काढले. ‘‘पडद्यावरची चित्रं बघून पोट भरतंय व्हय?’’ हे त्यांचे शब्द. मार विसरलो, पण सिनेमा अजून विसरलो नाही. आणि त्या दिवसानंतर वडिलांना मी कधी मनातले काही सांगितल्याचे मला आठवत नाही.

हे सारे मला आठवले ते आषाढी एकादशीला. आम्ही पंढरपूरच्या जवळचे, त्यामुळे वारीला पाहुणे येतात. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा आला होता. त्याच्या ध्यानात आले की मामा आणि मामाचा पोरगा एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. रात्री अंगणात तो मला म्हणाला, ‘‘मामा, तुम्हाला त्याचा खेळ समजत नाही आणि त्याला तुमच्याशी बोलता येत नाही. पण सिनेमा तर दोघांना बघता येतो? खेळ आवडणाऱ्याला आवडतील असे पुष्कळ सिनेमे निघालेत. मी लॅपटॉप ठेवून जातो. माझी वर्गणी भरलेली आहे. दर शनिवारी एक बघा. निवड त्याची. तुम्ही अट एकच पाळायची, अभ्यासाचं नाव काढायचं नाही.’’

मला हे काही पटले नव्हते. आगीला तूप घालून कुठे आग विझते? पण घरातल्या मुकेपणाचा मलाच कंटाळा आला होता. हो म्हणालो.

पहिल्या शनिवारी पोराने लावला ‘जुमांजी’. हा १९९५ सालचा अमेरिकेतला सिनेमा, हिंदीतूनही मिळतो. यात मोबाईल नाही की कॉम्प्युटर नाही. आपल्या सापशिडीसारखा पट आहे, फासे टाकायचे. पण फासा पडला की पटावर जे लिहून येते ते खरेच घडते. सिंह येतो, पूर येतो, गेंड्यांचा कळप घर फोडून जातो. धाकटी माझ्या मांडीवर दडून बसली होती. पण मी अडकलो ते दुसऱ्याच ठिकाणी.

गोष्ट सुरू होते १९६९ मध्ये. ॲलन नावाचा मुलगा आणि त्याचा बाप यांचे भांडण होते. बाप बुटांच्या कारखान्याचा मालक, कडक माणूस. मुलाला दूरच्या शाळेत धाडायचे म्हणतो. मुलगा रागाने म्हणतो, तुमच्याशी पुन्हा बोलणार नाही. आणि त्याच रात्री खेळ त्या मुलाला गिळतो. तो बाहेर येतो सव्वीस वर्षांनी, दाढी वाढलेला बाप्या होऊन. हे काम रॉबिन विल्यम्सने केले आहे. घरी येऊन बघतो तर आई-बाप वारलेले, कारखाना बंद पडलेला. एक माणूस त्याला सांगतो की पोरगा हरवल्यावर मालकाने कामावर येणे सोडले, होते नव्हते ते सगळे पोराला शोधण्यात घातले.

मी डोळे पुसले ते अंधार होता म्हणून कुणाला दिसले नाही.

त्या खेळातून एक शिकारी बाहेर येतो आणि बंदूक घेऊन सगळा सिनेमाभर ॲलनच्या पाठीमागे लागतो. सिनेमा संपता संपता पोरगा तोंड दुसरीकडे ठेवूनच म्हणाला, ‘‘वळखलं का? शिकारी आन् बाप, दोन्ही काम एकाच माणसाचं हाय.’’ मी मागे नेऊन पुन्हा बघायला लावले. खरेच! जोनाथन हाइड नावाच्या एकाच नटाने दोन्ही भूमिका केल्या आहेत. म्हणजे मुलाला बाप कसा दिसतो हे सिनेमावाल्यांनी न बोलता सांगून टाकले. तीन आठवड्यांत पोरगा माझ्याशी सरळ बोललेले हे पहिले वाक्य. मी त्याचा अर्थ विचारला नाही. मला समजला होता.

शेवटी खेळ संपतो, काळ उलटा फिरतो, मुलगा पुन्हा मुलगा होऊन १९६९ मध्ये येतो आणि बापाला मिठी मारतो. दोघेही एकमेकांना आपले चुकले म्हणतात. आपल्याकडे काळ उलटा फिरत नाही. म्हणून लवकर बोलावे हे बरे.

पुढच्या शनिवारी त्याच नावाचा नवा सिनेमा, २०१७ सालचा. यात पटाच्या जागी व्हिडिओ गेम आला आहे. शाळेत शिक्षा झालेली चार पोरे खेळात ओढली जातात. भित्रा पोरगा तिथे पैलवान होतो, नटवी पोरगी पोट सुटलेला प्रोफेसर होते. प्रत्येकाला तीनच जीव. आम्ही चौघेही पोट धरून हसलो. बायको म्हणाली, ‘‘तीन जीव मिळालं असतं तर एक मी नुसता झोपायला ठेवला असता.’’

मग पोराने जुने सिनेमे काढले. ‘ट्रॉन’ हा १९८२ सालचा, डिस्नी कंपनीचा. खेळ तयार करणारा माणूस कॉम्प्युटरच्या आत शिरतो आणि त्याला स्वतःच ते खेळ जिवावर उदार होऊन खेळावे लागतात. प्रकाशाच्या मोटारसायकली भिंती ओढत धावतात, भिंतीला थटला की मेला. कॉम्प्युटरने काढलेली चित्रे इतक्या प्रमाणात वापरलेला हा पहिल्या काही सिनेमांतला एक. गोष्ट मला फारशी लागली नाही, पण पोरगा हरखून गेला होता. धाकटीसाठी ‘रेक इट राल्फ’ लावला, २०१२ सालचे कार्टून. त्यात एका खेळातला खलनायक वैतागतो. रोज आपणच इमारत फोडायची आणि दुसऱ्याने हातोडी मारून दुरुस्त करून शाबासकी घ्यायची, हे त्याला सोसत नाही. लहान मुलांसोबत बघायला याच्यासारखा दुसरा नाही.

‘वॉरगेम्स’ मात्र मी माझ्या तालमीतल्या मित्रांनाही बोलावून पुन्हा दाखवला. हा १९८३ सालचा. शाळकरी पोरगा, नाव डेव्हिड, घरच्या कॉम्प्युटरवरून टेलिफोनच्या तारेने नवे खेळ शोधत असतो. एक मशीन लागते. त्याला वाटते खेळाच्या कंपनीचे आहे. असते ते अमेरिकेच्या लष्कराचे. यादीत अणुयुद्धाचा एक खेळ असतो, तो हा सुरू करतो. इकडे लष्कराला वाटते रशियाने खरेच क्षेपणास्त्रे सोडली! शेवटी जगाचा नाश व्हायची वेळ येते, तेव्हा त्या मशीनला फुल्ली-गोळा खेळायला लावतात. आपण पाटीवर खेळायचो तोच. मशीन स्वतःशीच खेळत राहते आणि दर वेळी डाव बरोबरीत सुटतो. त्यावरून त्याला उमगते की काही खेळ असे असतात की त्यात कुणीच जिंकत नाही. तेव्हा ते युद्ध सोडून देते.

हा सिनेमा अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी त्याच वर्षी जूनमध्ये पाहिला आणि आपल्या सेनाधिकाऱ्यांना विचारले, असे खरेच होऊ शकते का? चौकशी झाली, उत्तर आले की गोष्ट वाटते त्याहून गंभीर आहे. १९८४ मध्ये सरकारी कॉम्प्युटरांच्या सुरक्षेचा आदेश निघाला. एका खेळाच्या सिनेमाने एवढे केले. ‘‘चित्रं बघून पोट भरतंय व्हय’’ म्हणणारे आमचे वडील आज असते तर त्यांना हे सांगितले असते.

फुल्ली-गोळ्याच्या त्या डावावरून मला आमचे तीन आठवडे आठवले. तो बोलत नव्हता, मी बोलत नव्हतो. जिंकत कुणीच नव्हते.

आता ज्या सिनेमांनी मला खेळाचे मर्म कळले ते सांगतो. ‘ग्राउंडहॉग डे’ १९९३ सालचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका गावी दर वर्षी २ फेब्रुवारीला बिळातून एका जनावराला बाहेर काढतात. त्याने आपली सावली पाहिली तर थंडी आणखी सहा आठवडे राहणार असा समज. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी करून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात, त्यातलाच प्रकार. तिथे बातमी द्यायला गेलेला टीव्हीवरचा हवामानवाला, हे काम बिल मरेने केले आहे, तोच एक दिवस पुन्हा पुन्हा जगत राहतो. झोपून उठला की पुन्हा तीच तारीख. आधी तो मजा करतो, मग चिडतो, मग जीव द्यायला बघतो, तरी सकाळ तीच. शेवटी पियानो वाजवायला शिकतो, लोकांच्या उपयोगी पडायला शिकतो, माणूस होतो, तेव्हा कुठे दुसरा दिवस उजाडतो.

‘रन लोला रन’ हा १९९८ सालचा जर्मन सिनेमा त्याच घाटाचा. मित्राचा जीव वाचवायला एका पोरीला वीस मिनिटांत एक लाख मार्क हवे असतात. ती धावते. एकदा चुकते, पुन्हा पहिल्यापासून धावते. तीन वेळा. सिनेमा दीड तासाच्याही आत संपतो. आपल्याकडे हिंदीत २०२२ मध्ये तापसी पन्नूला घेऊन ‘लूप लपेटा’ निघाला तो याच्यावरूनच. दोन्ही लहान मुलांसमोर लावू नयेत. आम्ही धाकटीला आधी झोपवले.

आणि २०१४ सालचा ‘एज ऑफ टुमॉरो’. टॉम क्रूझ यात लष्करातला एक भित्रा अधिकारी आहे. कधी रणात न उतरलेला. त्याला जबरदस्तीने लढाईत ढकलतात. पहिल्याच दिवशी मरतो आणि आदल्या दिवशी पुन्हा जागा होतो. पुन्हा लढाई, पुन्हा मरण. दर वेळी एक पाऊल पुढे. गोळी कुठून येणार हे पाठ होत जाते. ही गोष्ट मूळ एका जपानी कादंबरीतली आहे. मी म्हणालो, ‘‘हा तर पाट्या टाकतोय रे, रोज तेच तेच.’’

पोरगा सरसावून बसला. म्हणाला, ‘‘न्हाई आप्पा. खेळात असंच असतंय. मेलं की पयल्यापासनं. पर पयल्यापासनं म्हंजे पयल्यासारखं न्हाई. कुठं खड्डा हाय, कुठनं मारतंय, ते आता ठावं असतंय. म्हणून तर खेळावं वाटतंय. शाळेत एकदा नापास झालं की लोक तोंड भरून बोलत्यात. खेळ कधी बोलत न्हाई. म्हंतोय, पुन्यांदा बघ.’’

एवढे लांब बोलणे त्याच्या तोंडून मी वर्षभरात ऐकले नव्हते. आणि मला माझी जळालेली बाग दिसली. मी सुद्धा हरलोच होतो की! आणि मला कुणी ‘पुन्हा बघ’ म्हणाले नव्हते. मी कुणाला म्हणू दिले नव्हते. त्या रात्री पहिल्यांदा मी पोराला तेल्याचा सगळा हिशेब सांगितला. किती खर्च झाला, कर्ज किती राहिले, झाडे पेटवताना काय वाटले. मला वाटले होते, बापाची हार ऐकून पोर खचेल. तो उठून वही घेऊन आला. म्हणाला, ‘‘मग ह्या डावाला काय बदलायचं?’’

आम्ही दोघांनी बसून लिहिले. रोपे शेजारच्या बागेतली गुटी कलमे आणली होती, ती चूक. आता खात्रीची रोगमुक्त रोपे. झाडे दाटीने लावली होती. आता अंतर जास्त. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर तशीच चालवली होती. आता औषधात बुडवल्याशिवाय नाही. बहार पावसाळ्यात धरला होता. आता हस्त बहार, म्हणजे फळ कोरड्या हवेत वाढेल. यातले सगळे मला माहीत होते. पण हरलेल्या डावाची यादी करायची असते हे पोराच्या खेळाने शिकवले.

फरक एवढाच की त्याचा डाव दोन मिनिटांत पुन्हा मांडता येतो, आपल्याला वर्ष लागते आणि दर वेळी पदरचा पैसा लागतो. हेही मी त्याला सांगितले. त्याने मान हलवली. शेतकऱ्याच्या पोराला एवढे कळायलाच हवे.

‘टेट्रिस’ हा २०२३ सालचा सिनेमा खऱ्या गोष्टीवरचा. वरून पडणारे ठोकळे बसवायचा खेळ आपण सगळ्यांनी जत्रेतल्या स्वस्त खेळण्यावर पाहिला आहे. तो १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेय पाजित्नोव या माणसाने नोकरी सांभाळून तयार केला. पण रशियात तेव्हा सगळे सरकारचे. खेळाचे हक्क सरकारी खात्याकडे. ते मिळवायला परदेशी व्यापाऱ्यांची झुंबड उडाली. त्यात हेंक रॉजर्स नावाचा व्यापारी मॉस्कोला जाऊन जपानी कंपनीसाठी हक्क मिळवतो. १९८९ मध्ये हातात धरायच्या छोट्या मशीनबरोबर तो खेळ जगभर खपला. सिनेमात मोटारींचा पाठलाग वगैरे मीठमसाला घातला आहे, तो सोडून द्यायचा. पण ज्याने खेळ केला त्याला त्याचा वाटा मिळायला लागला १९९६ पासून! बारा वर्षांनी! बायको म्हणाली, ‘‘पिकवणारा एक, पैसा करणारा दुसरा. तिकडंबी आपलंच हाय म्हणायचं.’’

आणि आता शेवटचा. नॉर्वे देशातला, २०२४ सालचा. नाव ‘इबेलिन’. दिग्दर्शक बेंजामिन री. ही बनवलेली गोष्ट नाही, घडलेली आहे. मात्स स्टेन नावाचा मुलगा. जन्मापासून स्नायू झिजत जाण्याचा आजार. चालणे गेले, हात गेले, चाकाच्या खुर्चीत बसून तो दिवसरात्र कॉम्प्युटरवर एक खेळ खेळे. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी वारला. आई-बापाला एकच दुःख, आपल्या लेकराला ना मित्र मिळाला, ना प्रेम मिळाले, खोलीत एकटाच गेला. तो इंटरनेटवर काही लिहीत असे. तिथे त्यांनी आपला मुलगा गेल्याचे कळवले. आणि देशोदेशींहून पत्रे यायला लागली. कुणी लिहिले, त्याने मला धीर दिला. एका आईने कळवले की माझे आणि माझ्या मुलाचे पटेना, ते त्याच्या सल्ल्याने जुळले. खेळात तो चालत होता, धावत होता, लोकांची दुःखे ऐकत होता. तिथे त्याचे नाव इबेलिन. खेळातले काही सोबती परदेशातून त्याच्या अंत्यविधीला आले. सिनेमात त्याचे ते आयुष्य खेळातल्याच चित्रांनी उभे केले आहे.

भाषा परकी. खाली इंग्रजी ओळी येत होत्या. पोरगा त्या वाचून मला मराठीत सांगत होता. बाप बोलायला लागला, आपल्याला पोराचे जग ठाऊकच नव्हते असे सांगायला लागला, तेव्हा पोराचे वाचणे थांबले. मी पण ‘पुढं सांग’ म्हणालो नाही. सिनेमा तसाच चालू राहिला. बायको आत चहा ठेवायला गेली.

संपल्यावर मी विचारले, ‘‘त्या रातची ती तिघं कोण रं?’’

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘एक बार्शीचा हाय. एक नांदेडचा. आन् एक बिहारचा, त्याचा बाप सुरतेला कामाला असतोय, वर्षातनं एकदा येतोय. तो आमच्याशी बोलल्याबिगर झोपत न्हाई.’’ मग हळूच म्हणाला, ‘‘मोटारीचं माझं चुकलं, आप्पा.’’

मी म्हणालो, ‘‘हौदाचं माझं चुकलं.’’

वाचकहो, एवढ्याने आमच्या घरात रामराज्य आले असे समजू नका. खेळाचा नाद तो नादच. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पबजीवर बंदी आणली तेव्हा मी पेढे वाटायचा बाकी होतो; आठवड्यात पोराने दुसरा खेळ काढला. रात्र रात्र जागणारी, शाळा सुटलेली पोरे मी पाहिली आहेत. त्यांना सिनेमा दाखवून भागणार नाही, त्यांना डॉक्टरकडे न्यावे, त्यात लाज नाही. आणि पैसे लावून खेळायचे जे खेळ आहेत ते जुगारच. त्यांनी कित्येक घरे बसवली. २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला, तरी आपल्या घरातल्या मोबाईलवर आपणच नजर ठेवायला हवी. आमच्यात ठरले आहे, रोज एक तास, जेवणाआधी, आणि पैशाचा खेळ कदापि नाही. दहावीला पोराला एकसष्ट टक्के पडले. शेजारच्याला ब्याऐंशी. मी काही बोललो नाही. वही काढून दोघांनी बघितले, कुठे कमी पडले.

कुणाला हे करून बघायचे असेल तर लहान मुले घरात असताना ‘जुमांजी’ आणि ‘रेक इट राल्फ’ने सुरुवात करा. मोठ्या पोरांसोबत ‘वॉरगेम्स’. आणि आई-बापांनी ‘इबेलिन’ एकदा तरी बघावा, पोरालाच अर्थ सांगायला लावून. इंग्रजी येत नाही म्हणून संकोच नको. न येण्याचाच उपयोग होतो. पोराला बापाला काही शिकवायला मिळते.

गेल्या आठवड्यात पुन्हा रात्रीची वीज होती. नव्या डाळिंबाला पाणी सोडले होते. मी हाक मारली. आतून पोरगा म्हणाला, ‘‘आप्पा, धा मिंटं. तिघं अडकल्यात.’’

मी बॅटरी घेतली आणि मोटार बंद करायला मीच गेलो. परत आलो तेव्हा तो दारात चप्पल घालून उभा होता, बांध बघून यायला.